समोरच्या खुर्चीतल्या अक्का

आमच्या बंगळूरबाहेरच्या होसकोटेच्या कारखान्यात अक्कांना स्वतःच्या खुर्चीत बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. टेबल त्यांचं, कपाट त्यांचं, कोपऱ्यातला कुरकुरणारा पंखाही त्यांचाच. पण अक्का सापडायच्या टेबलाच्या पलीकडे, आल्यागेल्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत. बाहेर जाणारं कुठलंही पत्र तयार झालं की त्या उठायच्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे जायच्या, पदर सारखा करून बसायच्या, चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "हं, वाच." ते संपेपर्यंत त्या अक्का नसायच्या. पत्र ज्याला जायचं, तो माणूस त्या खुर्चीत येऊन बसलेला असायचा.

मी पुण्याहून लग्न करून बंगळूरला आले, आणि आयटीच्या गावात येऊन चिकटले मात्र गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या पत्रव्यवहार विभागात. विभाग म्हणजे अक्का आणि मी. अक्कांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून इथलंच. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि अक्कांच्या तोंडी दोन्ही एकाच वाक्यात. आमटीला त्या हुळी म्हणत. मी हसले की म्हणत, "पुण्यात नुसतं पिवळं पाणी पितात म्हणे. हुळी कुठून ठाऊक असणार तुला?" मला नावानं त्यांनी कधी हाक मारली नाही, शेवटपर्यंत मी 'पुणेकरीण'च राहिले. कामाची पत्रं अर्थातच इंग्रजीत जात, पण त्यांच्यावरची भांडणं आम्ही कडाडून मराठीत करत असू.

माझं पहिलं पत्र मला आठवतं. कोईमतूरच्या एका पुरवठादारानं स्प्रिंगा वेळेवर पाठवल्या नव्हत्या, त्याची तक्रार. मी उत्साहानं त्याची चांगली बिनपाण्यानं केली होती. अक्कांनी पलीकडे बसून सगळं ऐकलं, मग डोळे उघडून विचारलं, "मग मी काय करू?" मला वाटलं, त्या मलाच विचारतायत. "तुम्ही कशाला काय कराल, अक्का?" "मी अक्का नाही ग आत्ता. मी कोईमतूरचा आहे. तू मला एवढं बोललीस, सरी, ठीक आहे, बोल. पण मी करू काय? माल परत नेऊ? नवा पाठवू? कधी पाठवू? ते तू सांगितलंच नाहीस." खरंच, पानभर रागात मी तेवढंच सांगायचं विसरले होते. त्यानंतर कितीतरी महिने माझी पत्रं या एका प्रश्नावर आपटून परत येत होती. चौकशीचं पत्र असो, दरपत्रक असो, नाहीतर आठवण करून देणारं दोन ओळींचं पत्र असो, पलीकडून शांत आवाज यायचा, "मग मी काय करू?"

नकाराच्या पत्रांचं त्यांचं शास्त्र निराळंच होतं. ती सकाळी लिहायची, डबा खायच्या आधी. जेवण झाल्यावर माणूस सुस्तावतो आणि समोरच्याला कसंतरी उडवून लावतो, असं त्यांचं म्हणणं. नोकरीसाठी येऊन गेलेल्या आणि न निवडलेल्या प्रत्येकाला आमच्याकडून पत्र जायचं, आणि त्यात का घेतलं नाही याचं एक तरी खरं कारण असायचं. मी एकदा कटकट केली की हल्ली कुणी असं करत नाही, एक ठरावीक मजकूर सगळ्यांना ईमेलनं गेला की झालं. "पोरगी बघायला जातात आणि मग कळवतच नाहीत, तसं करायचं का आपण?" अक्का म्हणाल्या. त्यांचं लग्न झालं नव्हतं. मी निमूटपणे पत्रं टाईप करायला घेतली.

अहवालांच्या बाबतीत तर त्या उत्पादन विभागाच्या डोकेदुखीच होत्या. तिथल्या मॅनेजरांचा मासिक प्रगती अहवाल दर महिन्याला एकाच वाक्यानं सुरू व्हायचा, 'कामाची प्रगती समाधानकारक आहे.' अक्का फोन उचलून गोड आवाजात विचारायच्या, "सर, समाधान कुणाचं झालं म्हणायचं? नाव लिहिते." तपासणीचा अहवाल असला तर, "हे तुम्ही बघितलंत की कुणी सांगितलं?" बघितलेलं एका परिच्छेदात, ऐकलेलं दुसऱ्यात, आणि स्वतःला काय वाटतं ते शेवटी, सहीच्या अगदी जवळ. मॅनेजर वैतागून म्हणायचे की ही बाई कारखान्यात नको, कोर्टात हवी. तरी अहवाल मात्र दुरुस्त करून पाठवायचे.

अक्का बंगळुरात चामराजपेटेत राहायच्या, थोरल्या बहिणीबरोबर. बहीण अंथरुणाला खिळलेली. अक्कांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. पण दरवर्षी उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमारास मोठे सर त्यांना एका वर्षाची मुदतवाढ देत. मोठे सर म्हणजे कारखान्याचे मालक. एका शेडमध्ये कारखाना सुरू झाला तेव्हा पहिलं पत्र अक्कांनी टाईप केलं होतं, असं दोघंही सांगत. सर रोज सकाळी त्यांना केबिनमध्ये कॉफीला बोलवत. सरांचा स्वभाव भिडस्त. तोंडावर कुणाला 'नाही' म्हणणं त्यांना जमायचं नाही. सगळे नकार अक्कांच्या हातून जात. त्या मुदतवाढीवर अक्कांचं घर चालायचं, बहिणीची औषधं यायची, आणि त्याहीपेक्षा, अक्कांना सकाळी उठून कुठेतरी जायला मिळायचं. हे त्यांनीच मला एकदा बसमध्ये सांगितलं होतं. "घरी बसले तर मी थोरलीपेक्षा म्हातारी, अक्काची अक्का होऊन जाईन ग," असं म्हणून हसल्या होत्या.

मग नागेशचा अपघात झाला. नागेश पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवरचा ऑपरेटर, तिशीतला, अबोल. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कामगार खात्याला अपघाताचा अहवाल तातडीनं जायला हवा होता. उत्पादन मॅनेजरांनी फोनवरून मजकूर सांगितला, आणि गडबडीत अक्कांनी तो तसाच उतरवला: ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला. नेहमीप्रमाणे त्या पलीकडे जाऊन बसल्या, खात्याचा अधिकारी झाल्या, मी वाचलं. अधिकाऱ्याला काही शंका आली नाही. कागद सरांच्या सहीसाठी तयार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याची बस होसकोटेच्या बाजारापाशी आली, तशा अक्का उठल्या आणि माझा दंड धरून मलाही खाली उतरवलं. "निष्काळजीपणा कुणी बघितला, ते मी विचारलंच नाही. नागेशकडे जायचंय," म्हणाल्या. आम्ही ऑटो केला. एका खोलीचं घर, दारात तुळस, आत नागेश भिंतीला टेकून बसलेला, बांधलेला हात मांडीवर. अक्का त्याच्यासमोर खाली बसल्या, पर्समधून अहवाल काढला आणि एकेक वाक्य कानडीत करून त्याला वाचून दाखवलं. निष्काळजीपणाच्या वाक्यापाशी त्या जरा थांबल्या. नागेशनं मान हलवली. "सरी अक्का," तो म्हणाला, "हागे बरीरी." तसंच लिहा.

मी उठायला लागले. अक्का उठेनात. तेवढ्यात नागेशची बायको दारातून बोलली, आवाज चढवून नाही, पण थांबलीही नाही. मशीनवरचं संरक्षक झाकण यानं काढलं नव्हतं. झाकण असलं की काम हळू होतं आणि ऑर्डर तुंबली होती, म्हणून वरून सांगून सगळ्याच मशीनवरची झाकणं काढायला लावली होती. अक्कांनी नागेशकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "ते लिहू नका अक्का, नोकरी जाईल. असा हात घेऊन मला दुसरीकडे कोण ठेवणार?"

परतीच्या ऑटोत अक्कांनी अहवाल उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "वाचून पुरं व्हायच्या आत तो सरी म्हणाला ग. खऱ्या चुकीलासुद्धा माणूस जरा तरी हुज्जत घालतो." नंतर स्वतःशीच बोलल्यासारखं, "इतकी वर्षं मी ज्याला पत्र जातं त्याच्याच खुर्चीत बसत आले. ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला कधी खुर्चीच दिली नाही मी." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला, आणि मी घेतला. त्यांनी तो सोडवला नाही.

त्या दिवशी अक्का शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये गेल्या आणि प्रेसवरच्या प्रत्येकाशी बोलल्या. अहवाल नव्यानं लिहिला. त्यात कुणालाही दोष दिलेला नव्हता. झाकणं कधी काढली, कुणाच्या सांगण्यावरून काढली, कुणी पाहिलं, एवढंच होतं. तो घेऊन त्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या, फाइल धरायला मी मागे. सरांनी वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला नाही, उलट कसानुसा झाला. "अक्का, हा माझा कारखाना आहे," ते म्हणाले.

"म्हणून तर सही तुमची लागते, सर," अक्का म्हणाल्या. "नागेश घाबरलाय. त्याची नोकरी तेवढी राहू दे."

संध्याकाळपर्यंत कागद टेबलावर पडून होता. बस सुटायच्या आधी सरांनी सही केली. मी त्यांच्याबद्दल कधीही वाईट बोलणार नाही. सही करणं त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं आहे. नंतर खात्याची माणसं आली, दंड झाला, झाकणं परत बसली, मॅनेजरांची दुसऱ्या विभागात बदली झाली. नागेशला भरपाई मिळाली आणि सामानाच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. फक्त सरांनी अक्कांना सकाळच्या कॉफीला बोलावणं बंद केलं. अक्का दहाच्या सुमारास केबिनच्या दाराकडे एकदा बघायच्या आणि मग मला म्हणायच्या, "चल, मशीनची कॉफी पिऊ. स्वल्प पाणचट असते, पण गरम तर असते."

उगादी जवळ आली तेव्हा सरांनी मला बोलावलं, अक्कांना नाही. नजर खिडकीबाहेर ठेवून म्हणाले, "यंदा अक्कांना मुदतवाढ देत नाही आहोत. एक पत्र तयार करा." मी दुपारभर त्या पत्राशी झटत बसले. लिहायचं, पुसायचं. अक्का पलीकडून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इतकं अडलंय म्हणजे नकाराचं आहे. कुणाला?" माझ्या डोळ्यांकडे बघून त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. कारखाना शेडमध्ये होता तेव्हापासून अक्कांनी काय काय केलं, हे मी एका मोठ्या परिच्छेदात घातलं होतं. निदान तेवढं तरी सरांच्या सहीनं त्यांना मिळावं, असा माझा हट्ट होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो मोठा परिच्छेद काढून टाक."

"का काढू? त्यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का?" मी चिडून विचारलं.

"खोटं नाही म्हणूनच काढ. ते वाचून सरांना सही करवणार नाही ग. आधीच भिडस्त माणूस. उगाच त्यांचा हात अडेल."

मी तो परिच्छेद काढला. माझ्या हातून गेलेलं ते सगळ्यात लहान पत्र असेल.

शेवटच्या दिवशी शाल, फळं, फोटो सगळं रीतसर झालं. सर आले, दोन वाक्यं बोलले आणि लवकर गेले. संध्याकाळी अक्का बसकडे निघाल्या. एका हातात फळांची करंडी, दुसऱ्या हातात कपाटातल्या सामानानं फुगलेली जड पिशवी. मी करंडी घेतली. एवढ्यात स्टोअरच्या बाजूनं नागेश धावत आला आणि पिशवीसाठी त्यानं हात पुढे केला. उजवाच. अक्का थबकल्या. त्या हातावर एवढं ओझं द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "बेडा नागेश, नको, जड आहे, मी नेते," त्या म्हणाल्या.

"कोडी अक्का," तो म्हणाला. द्या. हात त्यानं मागे घेतला नाही.

अक्कांनी पिशवी दिली. त्यानं ती उरलेल्या बोटांत घट्ट धरली आणि बसच्या दारापर्यंत आमच्या पुढे पुढे चालत गेला. मी रडत होते. अक्का मात्र त्याच्या पाठीकडे बघत, मला कधी नव्हे इतक्या सुखानं चाललेल्या दिसल्या.