रस्त्याच्या पलीकडची व्हॅल्मे

आमचा शांतता गट अकरा जणांचा होता आणि अकरापैकी दहा जणांना आपल्या चांगुलपणाविषयी तिळमात्र शंका नव्हती. मला तर जरा जास्तच खात्री होती. मी रॉझलिन, शाळेतून निवृत्त झालेली ग्रंथपाल आणि गटाची चिटणीस. इराकवर हल्ला झाला त्या आठवड्यापासून आम्ही दर शुक्रवारी बारा ते एक हुऑनव्हिल या आमच्या छोट्या गावच्या पोस्टासमोर फलक धरून मुकाट उभे राहत असू. हल्ला संपला तरी फौजा तिथेच ठाण मांडून बसल्या, म्हणून आम्हीही उभेच राहिलो. शेवटची दहा मिनिटं त्या आठवड्यात मेलेल्या इराकी माणसांची नावं वाचायची, असा आमचा रिवाज होता.

अकरावी ती व्हॅल्मे थॉर्प. ठेंगणी, रुंद खांद्यांची, बोटं सांध्यांत वाकलेली. बत्तीस वर्षं तिने सफरचंदांच्या शेडमध्ये पेट्या भरल्या होत्या. बाकी आम्ही सगळे शिकलेसवरलेले, होबार्टहून नाहीतर थेट मेलबर्नहून येऊन इथे घरं घेतलेले. या गावात जन्मलेली ती एकटीच. त्याचा आम्हाला फायदा व्हायचा. कुणी गाडी हळू करून ओरडायचा, "कामधंदा शोधा, रिकामटेकड्यांनो!" आमच्या मौनाचा नियम व्हॅल्मेला कधी पाळता आला नाही. ती तिथूनच ओरडायची, "केव्हिन, तू आधी आईला फोन कर मेल्या! काल माझ्याकडे येऊन रडत होती." केव्हिन निमूट गाडी पुढे काढायचा.

नावं वाचायची मात्र तिला धास्ती वाटायची. आदल्या दिवशी फोन करून विचारायची, "रॉझ, हे कसं म्हणायचं गं? माणूस जिवानिशी गेला, निदान नाव तरी सरळ घेऊ." आम्ही दोघी फोनवर ते नाव पाच-सहा वेळा घोकायचो. शुक्रवारी रांगेत ती माझ्या शेजारी उभी राहायची.

दोन वर्षांनी तिच्या नातवाची, जॅरडची, पलटण इराकला निघाली. पोराला तिनेच लहानाचा मोठा केला होता. पुढच्या बैठकीला ती नवा फलक घेऊन आली. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : माझा नातू तिथे आहे. त्याला घरी आणा.

आमच्या बैठका चर्चमागच्या हॉलमध्ये व्हायच्या आणि निर्णय घ्यायची रीतही आम्ही चर्चवाल्यांकडूनच उचलली होती. मतं मोजायची नाहीत. प्रत्येकाकडे दोन कार्डं. मनापासून पटलं तर केशरी वर करायचं, नसेल तर निळं. एक जरी निळं दिसलं तरी विषय थांबवायचा आणि पुन्हा बोलायचं. कुणा एकाचा आवाज दाबला जाऊ नये म्हणून ही रीत. सुचवली होती मीच.

त्या दिवशी बैठक चालवत होता जेरार्ड, पूर्वीचा प्राध्यापक. आवाज अगदी लोण्यासारखा.

"व्हॅल, तुझी काळजी आम्हाला कळते. पण फौजेतला माणूस आपल्या फलकावर? ज्यांची माणसं मेली त्यांना काय वाटेल?"

"जेरार्ड, एकोणीस वर्षांचा आहे तो. त्याला अजून अंडं उकडता येत नाही."

"तेच म्हणतोय मी. तुझ्यावर केवढा ताण आहे. तो परत येईपर्यंत तू विश्रांती घे. गटातच राहा, फक्त रांगेत नको."

"म्हणजे मला हाकलताय?"

"छे, छे! असं कुणीही म्हणत नाहीये."

हे मात्र खरं होतं. असं कुणीच म्हणत नव्हतं. आम्ही इतके सभ्य होतो की हाकलतानाही तिच्या तब्येतीची चौकशी करत होतो.

कार्डं वर होऊ लागली. माझं निळं कार्ड वहीखाली होतं, अंगठा त्यावरच होता. ते उचलायला कितीसं बळ लागतं? पण मी विधवा, गावात नवी. रविवारी जेवायला बोलावणारे लोक होते ते हेच. ते दुरावतील ही भीती होती, दुसरं काही नाही. तत्त्वबित्त्व मी नंतर शोधून काढलं. मी केशरी वर केलं.

व्हॅल्मेने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मग तिने स्वतःचंही केशरीच कार्ड वर केलं.

"एकटीसाठी तुमचा कशाला खोळंबा," ती म्हणाली. "घरी कुत्रा उपाशी आहे."

इतिवृत्तात मी लिहिलं, 'एकमताने मंजूर.'

पुढच्या शुक्रवारी ती रस्त्याच्या पलीकडे, खाटकाच्या दुकानाबाहेर उभी होती. एकटी, आपला फलक घेऊन, आमच्याच वेळेला. केव्हिनने गाडी थांबवली. "नातू तिकडे लढतोय आणि तू इथे त्याची अब्रू घालवतेस?" त्या दिवशी तिने उलट उत्तर दिलं नाही. फलक जरा खाली गेला, इतकंच. मधला रस्ता वीस पावलांचा होता. मौनाचा नियम मला तेव्हा नेमका आठवला, आणि मी मूग गिळून उभी राहिले.

असे आठ महिने गेले. आम्ही नावं वाचू लागलो की ती पलीकडे मान खाली घालायची. गुरुवारचा फोन बंद झाला होता. मीही केला नाही.

मग जॅरड सुखरूप परतला. शुक्रवारी दोघं हात धरून रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. उंच पोरगा, उन्हाने कान सोललेले. आज व्हॅल्मेच्या हातात फलक नव्हता.

"तुमच्यात रॉझ कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"आजी प्रत्येक पत्रात लिहायची. आज किती जण जमलो, कुणाची नावं वाचली. तिकडे पोरं मला चिडवायची, तुझी आजी आपल्याविरुद्ध उभी राहते म्हणून. मी म्हणायचो, राहू दे रे, एकटी तर नाही ना." त्याने हात पुढे केला. "तुम्ही तिच्यासोबत होतात. फार आभार."

मी व्हॅल्मेकडे पाहिलं. तिने तेव्हा सगळ्यांदेखत माझं थोबाड फोडलं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ती नातवाची कॉलर नीट करत होती.

"रॉझ माझ्या शेजारीच असायची," ती म्हणाली. "हो की नाही गं?"

जेरार्ड स्वतःच्या फलकाची काठी न्याहाळत होता. खरं काय ते एका वाक्यात सांगून झालं असतं.

"हो," मी म्हणाले, आणि त्या पोराचा हात हातात घेतला.