मामाच्या काचपट्ट्या

माझा मामा चौतीस वर्षं कॅथेड्रलची देखभाल करतोय. या काळात त्याने चार बिशप पाहिले आणि एकाही कोपऱ्यात जाळं टिकू दिलं नाही. घंटा त्याच्याकडे, किल्ल्या त्याच्याकडे आणि पाहुण्यांना इतिहास सांगणंही त्याच्याचकडे.

"परक्या राज्यकर्त्यांना हे बंदरातून दिसायला हवं होतं," तो सांगतो. "म्हणून समोरून तीन मजली थाट, मागे साधी भिंत. पुढून कोट, मागून बनियन!"

डावा मनोरा त्यांनी घाईघाईत बुजवलेल्या तळ्यावर चढवला. पाया खचतोय, हे भिंतीतल्या भेगेला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. देखरेख समितीलाही कळावं म्हणून बारा वर्षांपूर्वी भेगेवर आडव्या काचपट्ट्या चिकटवल्या. भेग वाढली की काच तडकणार, इतकं सोपं. समिती दरवर्षी येते, चहा पिते, मान वर करून काच शाबूत असल्याचं पाहते आणि लिहिते, 'मनोरा स्थिर'. असे बारा अहवाल जाड पुठ्ठ्यात बांधलेले आहेत.

मी सिव्हिल इंजिनियर. यंदाची तपासणी आमच्या कंपनीकडे आली. काचा इतक्या लखलखीत होत्या की मला शंका आली. बारा वर्षं धूळ खाल्लेल्या काचेत केस विंचरता येत नाहीत.

"मामा, या रोज पुसतोस?"

"पुसायच्या कशाला? तडकली की नवी लावतो. एकोणीस झाल्या," मामा छाती फुगवून म्हणाला. "तुटकी काच दिसली तर समिती म्हणेल, राखणदार झोपा काढतो."

मी पायरीवरच बसले. "अरे, त्या तुटण्यासाठीच लावल्या होत्या!"

"तुटण्यासाठी कुणी काच लावतं का गं? शिकून शिकून डोकं फिरलंय तुझं."

नीट समजावल्यावर त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. निवृत्तीला आठ महिने होते. खरं लिहिलं तर त्याची नोकरी आणि राहती खोली जाणार. नाही लिहिलं तर एखाद्या रविवारी मनोरा मिस्साच्या प्रार्थनेला जमलेल्या गर्दीवर कोसळायचा.

"लिही," दारातून सगळं ऐकणारी मामी शांतपणे म्हणाली. "रविवारी मी त्याच बाजूला बसते."

समितीच्या बैठकीत मामाने मला तोंडच उघडू दिलं नाही. "साहेब, एकोणीस काचा मी बदलल्या. चूक माझी."

अध्यक्षांनी आधी दार लावून घेतलं. "म्हणजे आमचे बारा अहवाल खोटे?"

"नाही साहेब. काचेपुरते खरे आहेत."

दोन तासांनी ठराव झाला. मनोरा आणि त्याखालची बाकं 'सुशोभीकरणासाठी' बंद. मामाची चूक नोंदवायची नाही, कारण ती नोंदवली तर वर बघून सह्या करणाऱ्यांचीही नोंदवावी लागेल. मामा कामावर कायम. फक्त काचेला हात लावायचा नाही.

नवव्या दिवशी मामाचा फोन आला. "तडकली गं. हात लावला नाही." मग म्हणाला, "पण लवकर ये. येणारेजाणारे बघतायत, मला तोंड दाखवायला जागा नाही."