ओट्यावर बांधलेली गाडी

दीक्षा होवाळला लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली बारीक राहिले. पायांना कॅलिपर चढवून, काखेत कुबड्या घेऊन ती घरात फिरायची, फार तर गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. त्यापुढचं सगळं गाव तिला गाडीवरूनच माहीत होतं. गाडी म्हणजे मागे दोन जादा चाकं लावलेली निळी स्कूटर. सांगलीत नदीकडच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई बायडाबाई राहायच्या. रोज सकाळी दीक्षा त्या गाडीवरून मिरजेला जायची. तिथल्या एका दवाखान्यात ती केसपेपरच्या खिडकीवर होती.

जादा चाकं गल्लीतल्याच यल्लाप्पा मिस्त्रीनं बसवली होती आणि गाडी जपायची कशी तेही त्यानंच शिकवलं होतं. ताडपत्री थेट गाडीवर टाकायची नाही, आत वाफ धरते नि पत्रा सडतो. आधी जुनं सुती लुगडं, त्यावर ताडपत्री, आणि खालून वारा खेळायला जागा. पावसातून आलं की आधी कोरडी पुसायची, मगच झाकायची. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन, चाकांच्या जोडांना ग्रीस. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवायची, कारण रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो. उन्हाळ्यात सीट तडकू नये म्हणून भिंतीची सावली सरकेल तशी दीक्षा गाडीही सरकवायची. बायडाबाई बघून म्हणायची, "एवढं तेल माज्या डोक्याला लावलं असतंस तर माजं केस पिकलं नसतं."

२०१९च्या ऑगस्टात पाऊस थांबेचना. कोयनेतून पाणी सोडलं होतं आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णा धोक्याच्या खुणेकडे चढत होती. दुपारी यल्लाप्पा दारात आला. ओल्या डोक्यावर पोतं होतं.

"दीक्षा, गाडी काड नि आईला घिऊन मिरजंला जा. आत्ताच जा."

दीक्षा उठायला लागली, पण बायडाबाई कॉटवरून हलेना. "दोन हजार पाचला पाणी कोपऱ्यावरच्या गिरणीपतोर आलं नि परत गेलं. घर उघडं टाकून मी कुणाच्या दारात जाऊ?"

दीक्षानं समजावलं, चिडली, शेवटी गप्प बसली. आईला सोडून जाणं तिला जमणार नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आत मिरजेकडे जाणारा चौक पाण्याखाली गेला आणि तो विषयच संपला.

घरमालक पुण्याला होता. वरच्या मजल्याचं कुलूप फोडा, असं त्यानं फोनवर सांगितलं. पण जिना अरुंद होता, जादा चाकांची गाडी त्यातून जाईना. समोरच्या अडत दुकानाला छातीएवढा उंच ओटा होता. यल्लाप्पा आणि गल्लीतल्या माणसांनी गाडी उचलून त्यावर चढवली. दीक्षा गल्लीत शिरलेल्या पाण्यात भिंतीला धरून उभी होती. तिनं बॅटरी काढायला लावली. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून वर प्लास्टिकची पिशवी आवळून बांधायला लावली. शेवटी यल्लाप्पानं दोन दोर घेतले आणि गाडी ओट्याच्या खांबाला बांधली.

"एवढ्या वर पाणी याचं न्हाई," तो म्हणाला, "पण आलंच तर वाहून जायला नको."

मग त्यानं दीक्षाला पाठुंगळी घेतलं आणि वर नेऊन बसवलं. तो स्वतः आपल्या घरच्यांकडे गेला. त्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका गच्चीवर आसरा घेतला होता. वरच्या मजल्यावर दोघी मायलेकीच उरल्या.

दुसऱ्या दिवशी खालच्या त्यांच्या खोल्या बुडाल्या. आणलेल्या सामानात मेणबत्त्या होत्या, चुरमुरे होते, गुळाची ढेप होती. वीज गेली, फोन बंद पडले. संडास तुंबला. पागोळीखाली पातेली लावून दोघी प्यायचं पाणी धरायच्या. कॅलिपरचं चामडं भिजून फुगलं होतं, ते पायात जाईना. दीक्षा बसून सरकत सरकत खिडकीपाशी जायची आणि दिवसभर तिथंच बसायची.

खिडकीतून ओटा दिसत होता. पहिल्या दिवशी गाडी कोरडी होती. दुसऱ्या दिवशी चाकं बुडाली. मग पाणी सीटपर्यंत आलं. ताडपत्री फुगून एका बाजूला ओढली जात होती आणि तिच्याखालून निळा पत्रा दिसायचा नि नाहीसा व्हायचा. त्यानंतरच्या सकाळी फक्त आरसे वर होते. मग तेही गेले. खांबाला मारलेली दोराची गाठ तेवढी दिसत राहिली.

"बगू नगंस तिकडं," बायडाबाई म्हणाली.

"मग कुठं बघू?"

खोलीला दुसरी खिडकीच नव्हती. गाडी घेण्याआधीची वर्षं दीक्षाला आठवायला लागली. कुणी न्यायला येईपर्यंत वर्गात एकटीनं बसून राहण्याची, लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी न पिण्याची वर्षं. ती मागे पडली असं तिला वाटलं होतं. आता ती पुन्हा पाणी मोजून प्यायला लागली.

शेवटी जवानांची बोट आली. एका जवानानं तिला चादरीत घेऊन सज्ज्यातून खाली दिलं. कुबड्या मागून येत होत्या. त्यातली एक सुटली, पाण्यात पडली आणि फिरत फिरत गेली. "जाने दो दीदी," जवान म्हणाला. दीक्षा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

पाण्याच्या कडेला तिचा धाकटा भाऊ प्रशांत उभा होता. तो रहिमतपूरला वायरमन होता. आईला आणि बहिणीला बघताच तो रस्त्यावर मटकन खाली बसला. मग उठून त्यानं दोघींना जीपमध्ये घातलं आणि वळसे घेत रहिमतपूरला नेलं.

प्रशांतचं घर नवं होतं. रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उंच घेतलेलं, त्यामुळे दाराला बऱ्याच पायऱ्या आणि कठडा नाही. मोरी परसात, तिथंही उतरून जायचं. एका कुबडीवर दीक्षाला यातलं काहीच जमेना. प्रशांतची बायको अंकिता तिला आंघोळीला न्यायची, परत आणायची. चहा कॉटवर, जेवण कॉटवर. प्रशांत कामावरून येताना कधी भजी आणायचा, कधी केळी. कॅलिपरचं चामडंही त्यानं चांभाराकडून बदलून आणलं.

"आन् कुबडी?" दीक्षा विचारायची.

"साताऱ्याला जाईन तवा आणतो."

तो दोनदा साताऱ्याला जाऊन आला. कुबडी आली नाही.

कॉटशेजारच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची आणि तिच्यावर वाळत घातलेली गोधडी. दीक्षा यल्लाप्पाला फोन लावायची, तो लागायचा नाही. पाणी उतरलं असेल, गाडीवर चिखल वाळत असेल, हे तिला बसल्या जागी दिसत होतं. पाणी गेलेलं इंजिन जेवढे दिवस तसंच पडेल तेवढं आतून आवळतं, हे तिला ठाऊक होतं.

आणि एक दिवस यल्लाप्पाचाच फोन आला.

"दीक्षा, भंगारवाला आलाय. तुजा भाऊ फोनवर म्हनला, गाडी दिऊन टाका. म्या म्हनलं, थांब. गाडी जिची हाय तिला इचारतो."

"न्हाई द्यायची मामा," दीक्षा म्हणाली. "कुणाला चालू करू दिऊ नका. मी येते."

तिनं लगेच दवाखान्यात फोन केला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, "तुमच्या भावानं कळवलं की तुम्ही आता येणार नाही. खिडकीवर दुसऱ्या मुलीला घेतलंय."

प्रशांत जेवायला बसला तेव्हा तिनं विचारलं, "तू गाडी भंगारात द्यायला सांगितलीस?"

त्यानं घास ताटात ठेवला. "आठवडाभर पाण्याखाली होती ताई. काय ऱ्हायलंय तिच्यात?"

"नि नोकरी?"

"कुठं ऱ्हाणार तू तिथं? खोलीत कंबरंएवढा चिखल हाय."

"मला का न्हाई इचारलंस?"

"इचारलं असतं तर तू व्हय म्हणाली असतीस?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुमचा फोन लागत नव्हता. मी त्या पाण्याच्या कडेला दिवस दिवस उभा होतो. प्रत्येक बोटीत मला वाटायचं, ही आई हाय. मला ते परत नगं. तुला हितं काय कमी पडतंय, सांग."

काय कमी पडतंय ते दीक्षाला सांगता येईना. अन्न होतं, औषध होतं, माया होती. ती म्हणाली, "एक कुबडी."

प्रशांत हात न धुताच उठून बाहेर गेला.

अंकिता चुलीपाशी हे सगळं ऐकत होती. दोन-तीन दिवसांनी प्रशांत कामावर गेल्यावर ती एक लाकडी कुबडी घेऊन आत आली. "शेजारच्या तात्यांची हाय. त्ये गेल्यापासनं माळ्यावर पडलीवती. लांब व्हती, म्हणून खालनं कापून आणली. बगा जमती का."

दीक्षानं काखेत घेऊन बघितली. दोन्हीची उंची थोडी वेगळी होती, पण उभं राहता आलं.

"प्रशांतला काय सांगशील?"

"सांगीन, मीच रिक्षा बोलावली. चिडतील. एक दिवस जेवणार न्हाईत." अंकिता हसली नाही. "तुमी जावा ताई. रोज सांजच्याला तुमी त्या भिंतीकडं बगत बसताय, मला बगवत न्हाई."

दीक्षानं आईकडे पाहिलं. आई बरोबर येणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. बायडाबाई पदराशी चाळा करत बसली होती.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "मला परत त्या खिडकीत बसायचं न्हाई दीक्षा. माजं आता हितंच."

"मी एकटी जाऊ?"

"जा की. मी कुटं आडवलंय?" पण तिचे डोळे भरले होते. तिनं भाकरी-चटणी फडक्यात बांधून दिली आणि दारापर्यंतसुद्धा आली नाही. अंकितानं दीक्षाला कमरेला धरून एकेक पायरी उतरवली.

रहिमतपूर स्टेशनवर अंकितानं तिला पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. कराड मागे पडलं तसा रुळांच्या दोन्ही बाजूंना आडवा झालेला ऊस दिसायला लागला, चिखलाच्या रंगाचा. भिलवडीच्या पुढे खिडकीतून कुजका वास आला. डब्यातल्या बायका तिच्याशी बोलत होत्या. ती हो-नाही करत होती. आपण आईला सोडून आलो, हे एकच तिच्या डोक्यात होतं.

सांगलीला यल्लाप्पा रिक्षा घेऊन आला होता. गल्लीत भिजलेल्या गाद्यांचे ढीग होते. गाडी अजून ओट्यावरच होती, एका अंगावर कललेली. एक दोर तुटला होता, दुसऱ्यानं तिला धरून ठेवलं होतं. ताडपत्री गेली होती. हेडलाइटमध्ये चिखल भरला होता, चाकांत काटक्या नि कापडाच्या चिंध्या गुंतल्या होत्या. दीक्षानं हँडलला हात लावला. वाळलेला गाळ पापुद्र्यासारखा निघून तिच्या बोटांवर आला.

"खोटी आशा दाखवत न्हाई," यल्लाप्पा म्हणाला. "खोलून बघू."

त्याचं स्वतःचं गॅरेज पाण्यात गेलं होतं, हत्यारं गंजली होती आणि दारात निम्म्या गावाच्या गाड्या रांगेला लागल्या होत्या. तरी त्यानं पहिल्यांदा तिची गाडी घेतली. इंजिनमधून तेल निघालं ते दुधाच्या चहासारखं. सायलेन्सरमधल्या फडक्यानं पाणी पूर्ण अडवलं नव्हतं, पण गाळ अडवला होता. म्हणून सिलिंडर वाचला. वायरिंग सगळं टाकून द्यावं लागलं. जादा चाकांची बेअरिंगं घट्ट बसली होती, ती कापून काढली.

तोवर दीक्षा मिरजेत एका नर्स मैत्रिणीच्या खोलीत, तिची सोय-गैरसोय सांभाळत राहिली. दवाखान्यात तिनं रोज जाऊन बसायला सुरुवात केली. शेवटी कंटाळून त्यांनी तिला रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर घेतलं. लिफ्ट बंद असली की तिला वॉर्डबॉयची वाट बघत जिन्याखाली बसावं लागायचं. अशा वेळी रहिमतपूरची कॉट बरी होती, असंही तिच्या मनात येऊन जायचं.

दिवाळीच्या तोंडावर गाडी सुरू झाली. आधी खोकली, पांढरा धूर सोडला, मग आवाज स्थिर झाला. त्या दिवशी दीक्षाला कुठंही जायचं नव्हतं. ती हरिपूरच्या रस्त्याला लागली, संगमापर्यंत गेली, नदीकडे न बघता वळली आणि परत आली. यल्लाप्पानं विचारलं, "कशी चालती?" तिनं मान डोलावली.

प्रशांत बरेच महिने तिच्याशी बोलला नाही. माघात तो आईला घेऊन मिरजेला आला. दीक्षानं तिथं उंचावर एक खोली घेतली होती, पायरीऐवजी उतार असलेली, पुढे गाडीपुरती पत्र्याची शेड. त्यानं खोली बघितली, शेडचे खांब हलवून बघितले आणि म्हणाला, "पत्रा पातळ हाय." दुसऱ्या महिन्यात जाड पत्रा आला. बायडाबाई आठवडाभर राहिली आणि परत रहिमतपूरला गेली.

ती गाडी आणखी दोनेक वर्षं चालली. आतला गंज थांबला नव्हता. एक दिवस चाकाच्या जोडाजवळ सांगाडाच मोडला. यल्लाप्पानं नव्या स्कूटरला चाकं बसवून दिली.

मिरजेत ती राहते तिथवर नदी येत नाही, हे दीक्षाला माहीत आहे. तरी ऑगस्टात पाऊस लागून राहिला की तिला घरात बसवत नाही. ती खिडकी लावून घेते, रेनकोट चढवते, गाडी काढते आणि भर पावसात गावातून एक चक्कर मारते. चौक उघडा आहे, सांगलीचा रस्ता उघडा आहे, स्टेशनकडचा उघडा आहे, एवढं बघून ती परत येते.