पाव वाटून न खाणारी कंपनी

आमच्या दादाला आयुष्यात एकच इंग्रजी शब्द मुळापासून कळला, आणि तोही कानातून खाली उतरला नाही.

तो शब्द म्हणजे कंपनी. आमच्या बेकरीत रोज संध्याकाळी ब्रेड न्यायला एक निवृत्त प्राध्यापक येतात, त्यांनी तो समजावून सांगितला. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. एकाच पावातला घास खाणारा तो सोबती, आणि अशा सोबत्यांचा मेळा ती कंपनी. पुढे तो शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, सैन्याच्या तुकडीला चिकटला, व्यापाऱ्यांना चिकटला आणि शेवटी काचेच्या इमारतींवर जाऊन बसला. आपला 'पाव'सुद्धा पोर्तुगीजांमार्फत त्याच घराण्यातून आलेला. एवढं सांगून प्राध्यापक ब्रेड घेऊन घरी गेले.

इकडे दादा हवेत. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. त्याने पाटीवर 'आणि कंपनी' रंगवून घेतलं. गल्ल्यामागे शब्दाच्या अर्थाची फ्रेम टांगली. टोस्ट घ्यायला आलेल्या बायकांनाही लॅटिन ऐकल्याशिवाय सुटका नसे. गल्ल्यावर मीच बसायचे, त्यामुळे ते सगळं मला नको तितकं पाठ झालं.

आमच्या वडिलांना धड सही करता येत नव्हती. पण भट्टीतून पहिला ट्रे निघाला की ते त्यातला एक पाव मधोमध फोडायचे, आत नीट भाजलाय का ते बघायचे, आणि मग तोच पाव सगळे मिळून चहाबरोबर खायचे. मैद्याच्या पोत्यांवर बसून. मालक, भट्टीवाले मामा, पीठ मळणारे, आम्ही पोरं, सगळे. कारभार हातात आल्यावर दादाने पहिलं काय केलं असेल, तर हे बंद केलं. म्हणे मालाची नासाडी होते, बुडावर टकटक करायची, पोकळ आवाज आला की पाव झाला. आणि हाच माणूस आता वाटून खाण्याच्या फ्रेमवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसायचा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सख्खा भाऊ असला तरी मला त्याची किळस यायची.

मग एका मोठ्या हॉटेलचा मॅनेजर माल बघायला येणार असं ठरलं. त्याच्यासमोर कंपनीवर भाषण करायचं आणि उशीएवढा पाव हाताने फोडायचा, असा दादाचा बेत. आदल्या दिवशी मामांनी तसा एक पाव भाजून पाहिला, फोडला आणि पीठ मळणाऱ्यांना घेऊन खायला बसले. नेमका दादा आत आला.

"मामा, हे काय चाललंय?"

"अरे, नमुना काढला. एवढा मोठा पाव वरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. हा बघ, राहिलाय थोडा. उद्या आच कमी ठेवू. ये, बस, घास घे."

"माझाच माल चोरायचा आणि मलाच घास द्यायचा? उद्यापासून येऊ नका."

मामांनी त्याला खांद्यावर खेळवलेलं. या वयात त्यांना दुसरी भट्टी कोण देणार होतं? त्यांनी ॲप्रन खिळ्याला अडकवला आणि निघून गेले. मी दादाशी भांडले, तर त्याने फ्रेमकडे बोट दाखवलं. "कंपनी म्हटलं की शिस्त आलीच," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आमचे दादासाहेब स्वतः भट्टीपाशी. पाव दिसायला झकास झाला. दादाने बुडावर टकटक केली आणि त्याला हवा तो आवाज त्याला ऐकू आला. मॅनेजर आला, प्राध्यापकांना मुद्दाम खुर्ची दिली होती, कोम झालं, पानिस झालं, आणि दादाने पाव फोडला. आतून चिकट पीठ लोंबलं ते थेट त्याच्या बाहीवर.

"आधी कोणी फोडून बघितला नव्हता का?" मॅनेजरने विचारलं. प्राध्यापक स्वतःच्या चपलांकडे बघत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॅनेजर भला माणूस, पुन्हा येऊन बघतो म्हणाला. तेव्हा कुठे दादाला मामा आठवले, आणि तेही बोलवायला मला पाठवलं. मामा मामींसोबत मटार सोलत बसले होते.

"येतो की," ते म्हणाले. "भट्टीशिवाय मला तरी कुठे करमतंय? फक्त पहिला पाव रोज फुटेल, आणि तुझा दादा आमच्यात बसून खाईल. तुमचे वडील बसायचे तसा."

माफी नाही, पगारवाढ नाही, नुसता एक घास. मी पळतच परत आले. दादाने ऐकून घेतलं आणि मैद्याच्या पोत्यांकडे बघितलं.

"मी? तिथे? त्यांच्यात?"

ऑर्डर गेली. पीठ मळणारे गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दादा आता कारखान्याचा पिशवीतला ब्रेड आणून विकतो. मामांनी घरामागे छोटी भट्टी घातली, तिथे पीठ मळणारे आहेत आणि मीही आहे. रोजचा पहिला पाव आम्ही फोडून खातो.

दुपारी कधी दुकानावरून जाते. पाटीवर अजून 'आणि कंपनी' आहे. फ्रेमखाली दादा एकटाच डबा खात असतो, आणि मध्येच कोणी आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढून घेतलेलं असतं.