ताईने निवडलेला फिल्टर

ताईने दुसऱ्या ग्लासातला घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. तिला चव लागतच नव्हती. या पाण्याची नाही, मघाच्या चहाचीही नाही. मधे तापाने फणफणली होती, तो ताप जाताना जिभेची चव घेऊन गेला.

पण सांगणार कुणाला? ताई कारखान्याच्या कँटीनची मुख्य स्वयंपाकीण. पूर्वी बोटभर रस्सा चाटून मीठ किती कमी ते सांगायची. आता मोजून मीठ टाकायची आणि जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मॅनेजरला कळलं तर काम गेलंच. म्हणून घरातही अवाक्षर काढलं नाही. खोटारडी नव्हती ती. घाबरली होती.

त्यात धाकट्या भावाच्या बायकोला दिवस गेलेले. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास, घोट घेतला की तिला मळमळायचं. फिल्टर घ्यायचं ठरलं. दुकानदाराने यांच्याच नळाचं पाणी तीन फिल्टरांतून काढून तीन बाटल्या दिल्या. "घरी चव बघा, मग सांगा." भावजय आतून तीन ग्लास भरून घेऊन आली. आणि निवडायला बसवलं कुणाला? ताईला!

"अगं, पितेस का चूळ भरतेस?" भाऊ म्हणाला.

"गप रे. तुझ्यासारखी म्हशीगत ढोसत नाही मी."

"मग कुठलं?"

ताईने तिसरा घोट घेतला आणि दिलं ठोकून. "दोन नंबर. गोड आहे, घशाला लागत नाही."

भावजयीने तो ग्लास उचलून चाखला. जरा थांबली. "मलाही हेच आवडलं."

नळाच्या तोंडाला लावायचा छोटासा फिल्टर घरी आला. ताईला वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! भावजय आधी दाढेखाली लवंग धरायची, मग पाणी प्यायची. एकदा तर ओट्यापाशी नाक दाबून पिताना दिसली.

"बरं आहे ना गं पाणी?"

"छान आहे की, ताई."

ताईला भावजयीच्या वाढत्या पोटाकडे बघायचीही लाज वाटायला लागली. एक दिवस डॉक्टरीण भावजयीला ओरडली, पाणी फार कमी पितेस म्हणून. घरी आल्यावर भाऊ तिच्यावरच उखडला.

"ताईने एवढं चाखून निवडलं, तरी तुझे नखरे!"

भावजय मान खाली घालून ऐकत राहिली. तेच ताईला सोसवलं नाही.

"तिला बोलू नकोस," ताई म्हणाली. "माझी जीभ मेलीये. मला कशाचीच चव कळत नाही. थापा मारल्या मी."

भाऊ आ वासून बघत राहिला. "आणि कँटीनमध्ये?"

"तिथेही थापाच."

भावजय उठली. "चपला घाला, ताई. दुकान उघडं असेल. या वेळी चव मी बघते, तुम्ही दुकानदाराशी भांडा."

फिल्टर बदलून आला, बिनवासाचा. दुसऱ्या दिवशी ताईने मॅनेजरलाही सांगून टाकलं. त्याने तिला भाजी चिरायला बसवलं. ताईने विळी पुढ्यात ओढली.

बाळ रांगायला लागल्यावर कधीतरी भावजयीच्या तोंडून निघालं. घरी ताईच्या हातचा रस्सा सारखा खारट होत होता, तेव्हाच तिला शंका आली होती. म्हणून फिल्टर निवडायच्या दिवशी दुकानदाराच्या बाटल्या तिने उघडल्याच नव्हत्या. तिन्ही ग्लास सरळ नळाखाली धरून भरले होते.