ओला शेंदूर

नालवाडीच्या वळणावर एक लहानसं देऊळ आहे. आज सकाळी तिथे ऑटोची वाट बघत उभी होते, तेव्हा पुजारी मूर्तीला नवा शेंदूर चढवत होते. तेलात कालवलेल्या शेंदराचा तो जड, किंचित कडसर वास आला. इतरांना या वासाने प्रसन्न वाटत असेल. मला हिंगणीचं वावर दिसतं, शेताच्या कडेला धुऱ्यावरचा कडुनिंब दिसतो, त्याखालची मातामाय देवी दिसते, आणि तिच्या कपाळावर थरथरणारं पांढरं कण्हेरीचं फूल.

ते वावर माझ्या मोठ्या आईचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, यांत तिचे हात सदा ओले. इंग्रजी शाळेत वाढलेली मी चारचौघांत तोंड उघडायला भ्यायचे, नातेवाईक त्यावरून टोमणे मारायचे. मोठी आई मात्र मला लाडाने ‘मेमसाब’ म्हणायची आणि सगळ्यांना सांगायची, "बोलत नाई, पन पाहते किती, ते पाहा." तिच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांचं अर्धं इंग्रजी बोलणं घरच्यांना मीच समजावलं. ऑपरेशन ताबडतोब करायला हवं होतं. उशीर झाला तर गाठ पसरेल, हे वाक्य सांगताना माझाच आवाज मला परका वाटला.

मोठ्या आईचे यजमान, मोठे बाबा हादरले. आमच्या घरात मोठ्या गोष्टी मातामायला विचारूनच होतात. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची. तिच्या शेंदरी दगडाच्या कपाळावर फूल ठेवायचं. ते तिच्या उजव्या अंगाला पडलं तर होकार, डाव्या अंगाला पडलं तर नकार. दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी सकाळी मोठे बाबा म्हणाले, "डावं पडलं त जायाचं नाई. मंग मी जडीबुटीवाल्याकडे नेतो तिले." त्यांच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, निव्वळ भीती होती. म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

फूल ठेवलं. आम्ही तिघं हात जोडून बसलो. कडुनिंबात जराशी झुळूक शिरली की फुलाची कड हलायची. एकदा ते डावीकडे कललं. मोठ्या बाबांनी जोडलेले हात कपाळाला टेकले. मी देवाला विनवत होते, आणि विनवता विनवता माझ्या लक्षात येत होतं, की त्याच्या निर्णयावर माझा काडीचा विश्वास नाही. त्याने माझाच निर्णय सांगावा एवढंच मला हवं आहे. एरवी सुकलेल्या, भेगाळलेल्या शेंदरावरून फूल चटकन सुटायचं. त्या दिवशी ते सुटेना. सावली सरकली, ऊन आमच्या पाठीवर आलं. तेव्हा मला दिसलं, शेंदूर ओला होता. गुळगुळीत, ताजा, जाड. मी मोठ्या बाबांकडे पाहिलं आणि गप्प राहिले.

"पडत काऊन नाई?" मोठे बाबा पुटपुटले.

मोठी आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "माय म्हनते, तुमचं तुमी पाहा. मी फूल धरून ठेवलं हाये, ते दिसत नाई का? चला, एसटी निघून जाईन."

"पन माय काई बोलली नाई न वं!"

"तुमी बोलू देसान तवा बोलन ना ते!"

इतक्या ताणातही मोठे बाबा ओशाळं हसले, आणि पिशवी उचलून चालू लागले.

दवाखान्यात ऑपरेशनला नेण्याआधी तिच्या बांगड्या मी उतरवत होते. तिच्या नखांच्या कडांत केशरी रंग होता. माझे हात थांबले.

"काऊन पाहून राह्यली?" ती म्हणाली. "पहाटे मायले शेंदूर लावला."

"मोठी आई, म्हणजे ते फूल तू..."

"मी काय केलं? शेंदूर लावाची बुद्धी कोनं देल्ली मले?" तिचे ओठ कोरडे पडले होते, हात मात्र माझ्या हातात घट्ट होता. "देवाच्या मनात काय हाये, ते मले मालूम नाई, मेमसाब. पन मी घरी बसून राहावं, असं त त्याच्या मनात नसंन."

मग तिला आत नेलं. दार बंद झालं.

ती त्यातून उठली. वावरात पुन्हा उभी राहिली. पण तपासण्या सुटत नाहीत. दर खेपेला तीच बाकं, तीच धडधड. आजही तिच्या तपासणीचा निकाल मिळायचा आहे, म्हणून मी ऑटो शोधत होते. तिची श्रद्धा आणि तिची लबाडी यांतली रेघ मी इतकी वर्षं शोधते आहे, आणि आता वाटतं, ती रेघ तिथे नव्हतीच. देवाच्या योजनेवर विश्वास म्हणजे हात जोडून बसणं, असं मी समजत होते. तिने हात जोडलेही, पण आधी ते शेंदरात बुडवले.

ऑटो आला. बसण्याआधी मी देवळाच्या पायरीवर टेकले आणि मूर्तीच्या पायावरच्या ओल्या शेंदराला अंगठा लावला. काय मागावं ते सुचलं नाही. आता दवाखान्याच्या बाकावर बसले आहे, मोठी आई शेजारी वाटाणे सोलावेत तशी बोटं चाळवते आहे. तिने माझा अंगठा पाहिला, आणि आपल्या पदराला पुसला. रंग पुरता गेला नाही. आतून अजून हाक आलेली नाही.