आगळाने धुतलेला बोर्ड

भायखळ्याच्या अंकलच्या पिनबॉल मशीनचा बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, माझ्या हातून मेला. बॅटरीने नाही, जुनेपणाने नाही, माझ्या कंटाळ्याने. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय, आणि त्या माणसानेही मला गप्प बसायला लावलं.

पिनबॉल आता कोणाला आठवत असेल देव जाणे. काचेखाली उतरतं टेबल, त्यात लोखंडी गोळी सोडायची, ती घरंगळत खाली आली की दोन्ही बाजूंची बटणं दाबून दोन छोट्या दांड्यांनी तिला परत वर टोलवायची. माझी अर्धी हयात लालबाग-परळच्या गेम पार्लरांत ही मशीनं दुरुस्त करण्यात गेली. पार्लरं बंद पडली तशी मशीनं भंगारात गेली. त्यातलं एक अंकलनी घरी नेलं. बोटीवर इंजिनात काम केलेला माणूस, चालतं यंत्र फेकलेलं त्यांना बघवत नसे.

दोन वर्षांपूर्वी अंकलना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय हळूहळू वळणावर आला, हात काही येईना. व्यायाम करून घेणारी बाई रबरी चेंडू दाबायला द्यायची, तो अंकल उजव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावून द्यायचे. असा तिरसट माणूस. शेवटी त्यांच्या बायकोने, आंटींनी, एक दिवस त्यांना मशीनसमोर उभं केलं आणि डाव्या हाताची बोटं बटणावर ठेवली. मधलं बोट हललं. आंटींनी लगेच फोन करून मला हे सांगितलं. महिन्याभरात अंकल त्या एका बोटाने गोळी टोलवायला लागले. गुणांचा आकडा चढला की शिव्या घालत हसायचे.

मग मशीन बंद पडलं. बोर्डावरची बॅटरी गळली होती. ही त्या मशीनांची नेहमीची व्याधी. आकडे लक्षात राहावेत म्हणून बोर्डावर छोटी बॅटरी असते, ती कधीतरी पाझरते आणि तांब्याच्या बारीक रेषा हिरव्या पडतात, पितळीत ठेवलेलं ताक कळकावं तशा. इलाज साधा आहे. बॅटरी काढायची, व्हिनेगरने घासायचं, कारण त्या रसाला आंबटच मारतं, मग भरपूर पाण्याने धुवून सुकवायचं आणि तुटलेल्या रेषा तारेने जोडायच्या. झोपेतसुद्धा केलं असतं.

बोर्ड मी घोडपदेवला घरी आणला. घासायला बसलो तर व्हिनेगरची बाटली रिकामी. दुकान खालीच, समोर. पण आमचे चार जिने, लिफ्ट बंद, त्यात माझे गुडघे. कोण उतरतंय? स्वयंपाकघरात बहिणीने मालवणहून पाठवलेलं आगळ होतं, कोकमाचा घट्ट आंबट रस. आई तांब्याची भांडी आमसुलाने घासून लखलखीत करायची, तेच डोक्यात आलं. आंबट ते आंबट! ब्रशने आगळ लावलं, हिरवं सगळं निघालं, तांबं लालबुंद झालं. वरून पाणी फिरवलं. म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

आगळात मीठ असतं. मिठाशिवाय ते टिकतच नाही. मालवणी घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल, आणि मी साठीला टेकलेला मालवणी माणूस, मला सुचलं नाही. चिपा ज्या खाचांत बसवलेल्या असतात, त्यांच्याखाली ते खारट पाणी तसंच बसून राहिलं.

मशीन सुरू झालं. आंटींनी मला जेवायला घातलं. अंकल खेळत राहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दुसरं बोटही हललं.

अडीच महिने चाललं. त्यात जून-जुलैची दमट हवा. आधी दिवे अडखळायला लागले, मग सगळंच गेलं. बोर्ड उघडून चिप उपसली तर तिचे पाय खाचेतच राहिले. खाली तांबं उरलं नव्हतं, बोट लावलं की पूड. बॅटरी होती वरच्या कोपऱ्यात. ही जागा पार खाली, तिथे बॅटरीचा रस कधी पोचलाच नव्हता. पोचलं होतं ते माझं आगळ. मला स्वतःची किळस आली.

तीन आठवडे तारा जोडत बसलो. पण ज्या चिपेत तो खेळ भरलेला असतो, तीच गेली होती. मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. परदेशातल्या हौशी लोकांनाही लिहून विचारलं, तशी चिप कोणाकडे नाही. शेवटी बोर्ड बाजूला ठेवून बटणं सरळ दांड्यांना जोडून दिली. दांड्या हलायच्या, बाकी सगळा अंधार. अंकलनी चारदा बटण दाबलं.

"आकडा कुठाय?"

"आता आकडा नाही येणार, अंकल. नुसतं बोटांसाठी."

"मग तो चेंडू काय वाईट होता?" म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले. परत मशीनजवळ गेले नाहीत.

महिन्याने गेलो तेव्हा बोटं मुठीत वळून घट्ट झाली होती. मला राहवेना. आंटींना स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. आगळ, जिने, कंटाळा, काही झाकलं नाही. त्या तांदूळ धूत होत्या. हात थांबले.

"व्हिनेगर माझ्याकडे घरचं होतं रे," त्या म्हणाल्या. "मागायचं ना." मग नळ बंद केला. "ह्यांना सांगू नको. मशीन म्हातारं झालं, गेलं, असं समजतात ते. तुझ्यामुळे गेलं कळलं तर तुला घरात घेणार नाहीत. आणि दुसरं कोण येतं आमच्याकडे?"

बाहेर येऊन अंकलसमोर बसलो. माझा पडलेला चेहरा बघून त्यांना वाटलं, मी मशीनसाठीच हळहळतोय. उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला.

"सोड रे," म्हणाले. "तू होतास म्हणून इतके दिवस तरी चाललं."

मी हो म्हणालो.